ढाल कोणत्या हातात?

धामणगावच्या आमच्या घरी दिवाळीपूर्वीची झाडलोट चालली होती. जळमटे काढायचा लांब बांबू नातवाने पळवला, पातेल्यावरचे झाकण उचलले आणि लढाईच्या तयारीने माझ्यापुढे उभा राहिला. बांबू काही एका हाताने तोलेना. दोन्ही हात लावावेत, तर झाकण खाली पडे. "आजोबा, ढाल कोणत्या हातात धरू?"

वाचकहो, हाच प्रश्न इ. स. पूर्व ३५९ मध्ये सत्तेवर आलेल्या मॅसिडोनियाच्या फिलिपच्या, म्हणजे अलेक्झांडरच्या वडिलांच्या, सैन्यापुढे होता. पायदळाचा भाला, सारिसा, १५ ते १८ फूट लांब. दोन्ही हातांनीच पेलायचा. तोड साधी होती. ढाल लहान, सुमारे दोन फुटांची, आणि ती पट्ट्याने गळ्या-खांद्यावरून अडकवायची. म्हणजे डावा हातही भाल्याला मोकळा! पण एवढ्याशा ढालीने अंग कसे झाकणार? खरे रक्षण शेजाऱ्यांचे. पॉलिबियस सांगतो, पहिल्या रांगेपुढे पाच रांगांच्या भाल्यांची टोके येत. मात्र इ. स. पूर्व १६८ मध्ये पिडनाच्या उंचसखल जमिनीवर रांगा फुटल्या, रोमन शिपाई फटींतून आत शिरले आणि लांब भाला घेतलेला एकटा माणूस तिथे निरुपाय झाला.

आपल्या मराठा स्वारालाही हात कमीच पडत. एकात लगाम, दुसऱ्यात भाला. मग कातडी गोल ढाल तो पाठीवर टाकी. विटा नावाच्या भाल्याला तर दोरी असे. ती मनगटाला गुंडाळली, की फेकलेला विटा परत ओढून घेता येई. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांत तो आजही दिसतो. छापा घालून निसटणाऱ्याला पाठीवरची ढालच कामाची, असे मला वाटते. मॅसिडोनियनाचा जीव शेजाऱ्याच्या हाती, मराठ्याचा घोड्याच्या पायांत.

आमच्या वऱ्हाडातल्या अडगावला २९ नोव्हेंबर १८०३ रोजी नागपूरकर भोसल्यांची फौज वेलस्लीशी लढली आणि हरली, तोवर काळ तोफांचा झाला होता. गोळ्यापुढे ढाल छातीवर असली काय नि पाठीवर असली काय!

नातवाने झाकण सुतळीने गळ्यात बांधले, चार पावले चालून पाहिले, मग पाठीवर सरकवले. "माझ्या शेजारी उभे राहायला कोणीच नाही. मी स्वारच होतो," म्हणाला आणि अंगणात पळाला. चिवड्याचे पातेले उघडेच राहिले. त्याचा जाब त्याच्या आजीने मला विचारला.