प्लास्टिकच्या टाकीला तडा गेलाय? नवी घेण्याआधी घरीच दुरुस्ती करून बघा

फर्दापूर (ता. सोयगाव) : उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो. आलेलं पाणी साठवायला गच्चीवरची काळी टाकी हाच आधार. त्या टाकीला बारीक तडा गेला, की रात्रभरात पाणी निम्म्यावर येतं. सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसाला साधारण चार लिटर पाणी जातं. टी-पॉइंटवरचे दुकानदार असोत की शेतातल्या खोपीत टाकी ठेवणारे शेतकरी, ही अडचण सगळ्यांचीच. पण छोटा तडा असेल तर टाकी भंगारात द्यायची गरज नाही.

आधी बघा, तडाच आहे का?

बऱ्याचदा टाकी चांगली असते आणि गळतं ते पाइपाच्या जोडातून. टाकी कोरडी पुसा आणि पाणी नेमकं कुठून येतं ते पाहा. टँक निपलजवळ ओल दिसली तर रबरी वायसर बदला, आट्यांवर टेफलॉन टेप गुंडाळा आणि नट हाताने घट्ट करा. पान्याने जास्त आवळलं तर तिथेच नवा तडा जातो.

टाकी कशाची आहे ते ओळखा

सगळी दुरुस्ती यावरच अवलंबून आहे. समुद्रावरच्या फायबरच्या होड्या, लाटांवर खेळायच्या सर्फिंगच्या फळ्या रेझिन आणि काचेचं कापड लावून दुरुस्त करतात. तसे व्हिडीओ मोबाईलवर भरपूर आहेत. ते पाहून अनेकजण टाकीलाही रेझिन, एम-सील किंवा अ‍ॅरल्डाइट लावतात. चार दिवसांत ते पापडासारखं सुटून येतं. कारण आपली नेहमीची टाकी फायबरची नसते, पॉलिथिनची असते. पॉलिथिन मेणासारखं गुळगुळीत असल्याने त्याला डिंक धरत नाही. ते उष्णता देऊन वितळवूनच जोडावं लागतं.

ओळखायची सोपी रीत : टाकीच्या झाकणाच्या कडेचा छोटा तुकडा कापून पाण्यात टाका आणि बोटाने खाली दाबा. परत वर आला तर पॉलिथिन. बुडाला आणि तुटल्या जागी काचेचे धागे दिसले तर फायबर.

पॉलिथिनच्या टाकीची दुरुस्ती

1. पाणी तड्याच्या खाली आणा. जागा पुसून पूर्ण वाळू द्या.
2. तड्याच्या दोन्ही टोकांना 3-4 मिलिमीटरचं भोक पाडा. त्यामुळे तडा पुढे पळत नाही. ही पायरी अजिबात सोडू नका.
3. चाकूने तड्यावर उथळ खाच करा आणि आजूबाजूला दोन बोटं जागा 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा.
4. जोडायला त्याच टाकीचं प्लास्टिक घ्या. झाकणाच्या कडेची पट्टी किंवा नळ बसवताना निघालेली चकती चालते. पीव्हीसी पाइपाचा तुकडा चालत नाही.
5. रेडिओ दुरुस्तीचं 60 वॅटचं सोल्डरिंग आयर्न तापवा. तड्याच्या दोन्ही कडा आणि पट्टी एकाच वेळी वितळवून एकमेकांत मिसळा. नुसती वरून पट्टी चिकटवली तर ती निघते. धूर यायला लागला म्हणजे जास्त तापलं, हात थांबवा.
6. टोकाची भोकंही भरा. जोड आपोआप गार होऊ द्या, वरून पाणी ओतू नका.
7. आधी पाव टाकी भरा. गळत नसेल तर निम्मी आणि मग पूर्ण. पहिलं पाणी झाडांना घाला.

टाकी फायबरची असेल तर

हार्डवेअरच्या दुकानात पॉलिस्टर रेझिन, हार्डनर आणि फायबर मॅट मिळते. जागा घासून कोरडी करा आणि डब्यावर लिहिलेल्या मापानेच हार्डनर मिसळा. एका वेळी थोडंच कालवा, कारण मिश्रण भराभर तापून घट्ट होतं. मॅटचे दोन थर बाहेरून लावा आणि ब्रशने दाबून हवा काढा. हार्डनर डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते, म्हणून चष्मा आणि हातमोजे वापरा. पिण्याच्या पाण्याच्या टाकीला आतून साधं रेझिन लावू नका.

एवढं सांभाळा

दोन्ही कामं बाहेरूनच करा. विजेचं आयर्न किंवा रेझिन घेऊन टाकीच्या आत उतरू नका. ओल्यात शॉक बसतो आणि बंद जागेत वाफेने गुदमरायला होतं. लहान मुलांना लांब ठेवा.

दुरुस्ती कधी करू नये?

तडा बुडाला किंवा बुडाच्या कोपऱ्याला असेल, वीतभरापेक्षा लांब असेल, किंवा प्लास्टिक पांढरट पडून अंगठ्याने दाबल्यावर कडकड वाजत असेल, तर नादी लागू नका. 500 लिटर पाणी म्हणजे 500 किलो वजन. एवढं वजन उंचावर फुटलं तर खाली कोणी सापडू शकतं. अशी टाकी आडवी कापून गुरांना पाणी पाजायला वापरा. नवी घेताना आयएसआय चिन्ह आणि आयएस 12701 हा क्रमांक बघून घ्या.

पुन्हा तडा जाऊ नये म्हणून

टाकी दोन दगडांवर किंवा लाकडांवर ठेवू नका. अधांतरी राहिलेल्या बुडालाच आधी तडा जातो. ओटा सपाट आणि टाकीच्या बुडापेक्षा मोठा हवा. पाइपाचं वजन टाकीवर लोंबकळू देऊ नका, त्याला भिंतीवर क्लँप मारा. वरून पत्र्याची किंवा तुराट्यांची सावली केली तर टाकी जास्त वर्षं टिकते आणि मे महिन्यात पाणीही चटका देत नाही.