शत्रूच्या हातची फुलदाणी

इन्स्टाग्रामवर हल्ली अशा फुलदाण्या दिसतात ना, खाली नळकांडं, मध्ये तबकडी, वर शंकू, रंग मातकट पांढरा? एकदम मॉडर्न वाटतात. पण हा प्रकार कालचा नाही. या वाटेवरचं एक मोठं नाव म्हणजे हान्स कोपर. (हो, आडनाव कोपर. आपल्या हाताच्या कोपराशी संबंध नाही!)

कोपरचा जन्म १९२० चा, जर्मनीतल्या केम्निट्स शहरातला. वडील ज्यू. नाझी राजवटीत जगणं अवघड झालं आणि १९३९ मध्ये तो इंग्लंडला पळाला. पण १९४० मध्ये इंग्रज सरकारनेच त्याला पकडलं. का? तर जर्मन, म्हणजे शत्रू! ज्यांच्या भीतीने पळाला, त्यांच्यातलाच एक समजून त्याला थेट कॅनडातल्या छावणीत पाठवलं. ब्रिटिश सैन्याच्या पायोनियर कोअरमध्ये भरती होऊन तो परत आला.

१९४६ साली तो लंडनमध्ये काम शोधत होता. तिथे लूसी री नावाची कलाकार फॅशनच्या कपड्यांसाठी मातीची बटणं बनवायची. तीही ज्यू, १९३८ मध्ये व्हिएन्नाहून पळून आलेली. कोपरला मातीकामातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी तिने त्याला ठेवून घेतलं. बटणं करता करता तो चाकावर बसायला शिकला.

आता खरी गंमत. चाकावर माती फिरते, म्हणजे त्यावर जे घडतं ते गोलच. मग कडा आणि सपाट बाजू आणायच्या कशा? कोपरने चाक सोडलं नाही. तो वाडगा, नळकांडं, तबकडी असे साधे भाग वेगवेगळे घडवायचा, माती ओलसर असतानाच काही दाबून चपटे करायचा आणि मग जोडायचा. आमच्या भाषेत, छोटी छोटी फंक्शन्स लिहून त्यातून अख्खं ॲप उभं करायचं! आकार मोजकेच ठेवले. फावड्यासारखा, वाळूच्या घड्याळासारखा, असे काही. तेच तो वर्षानुवर्षं थोड्या थोड्या फरकाने करत राहिला. दिसायला शिल्प, पण आतून पोकळ, फुलं ठेवता येतील असं भांडं.

आणि एक गोष्ट ऐकाच. ज्या १९४० मध्ये कोपरवर शत्रूचा शिक्का बसला, त्याच वर्षी १४ नोव्हेंबरच्या रात्री जर्मन विमानांनी इंग्लंडमधलं कॉव्हेंट्रीचं कॅथेड्रल उद्ध्वस्त केलं. पुढे शेजारीच नवं कॅथेड्रल बांधलं गेलं, १९६२ मध्ये ते खुलं झालं. तिथल्या मुख्य वेदीपाशी मेणबत्त्यांचे सहा उंच स्टँड आहेत, असेच भाग एकावर एक रचून केलेले. ते कोपरने घडवलेत.

१९८१ मध्ये तो गेला. सरकारने त्याचा पासपोर्ट पाहिला होता. लूसीने फक्त एवढंच पाहिलं की या माणसाला काम हवंय. पुढचं सगळं तिथून घडलं. भेटू पुढच्या भागात!