लाख नसलेलं लॅकर

घरात फर्निचरचं काम काढलं की पॉलिशवाल्याच्या तोंडून दोन नावं येतात: चपडा आणि लॅकर. चपडा ही अस्सल लाख. पळस, बोर, कोशिंब यांच्या डहाळ्यांवर किडे जी राळ सोडतात, ती धुऊन, वितळवून, पातळ ताणून वाळवायची. ती स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने हातांवर हात दिले की झालं फ्रेंच पॉलिश. एनसी लॅकरच्या डब्यात मात्र नायट्रोसेल्युलोज असतं. नाव लाखेचं, आत लाख नाही!

नावाची वाट सरळ आहे. संस्कृत लाक्षा, फारसी लाक, अरबी लक्क, मध्ययुगीन लॅटिन लक्का, पोर्तुगीज लाक्रे. चित्रकलेच्या पेटीतल्या ‘क्रिमझन लेक’मधला लेकसुद्धा याच घरातला, त्याचा तळ्याशी संबंध नाही.

भांडण आहे ते लाक्षेच्या मुळाशी. लाखो किडे म्हणून लाक्षा, हे उत्तर घरोघरी ठरलेलं. पाउल थीमे या जर्मन पंडिताने तर लक्ष आणि लाक्षा दोन्ही शब्द सामन माशाच्या जुन्या नावाला जोडले: माशांच्या प्रचंड झुंडींवरून संख्या, त्याच्या तांबूसपणावरून लाख. कल्पना झकास, पण मला ती फार लांबून आणल्यासारखी वाटते. माझं मत ‘रक्त’ म्हणजे लाल, या शब्दाच्या बाजूने. ‘र’चा ‘ल’ होणं संस्कृतात नवं नाही. कोशांत लाक्षेला ‘राक्षा’ असंही रूप दिलेलं आहे, आणि पायांना लावायचा अळता ज्या ‘अलक्तक’पासून आला, त्याचं नातंही जुने कोशकार रक्ताशीच लावतात. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडात जखमा भरून काढणाऱ्या लाक्षेचं सूक्त आहे. त्यात तिच्या सोनेरी, सूर्यासारख्या रंगाचं कौतुक आहे, लाखांच्या मोजणीचं नाही. सोनेरी म्हणजे लाल नव्हे, असं कोणी म्हणेल. म्हणू दे, गणती तर नाहीच ना!

खरी गंमत पुढेच. चीन-जपानच्या चकचकीत पेट्यांवरचा लेप किड्यांचा नसतो. तो उरुशी नावाच्या झाडाचा चीक. मग त्याला लाखेचं नाव कोणी दिलं? माझा संशय गोव्यावर आहे. गार्सिया द ओर्ताने 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या औषधींवरच्या ग्रंथात लाखेवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यानंतर वीसेक वर्षांनी गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी असलेल्या लिन्सखोटेन या डच कारकुनाने कातकामावर लाख कशी चढते ते लिहून ठेवलं. लाकूड फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबायची. घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून बसते. सावंतवाडीच्या लाखकामाचं तंत्र हेच. पण त्याच प्रकरणात तो सांगतो, सगळ्यात सुंदर लाखकाम चीनहून येतं! एकाच बंदरात दोन्ही माल, दोन्हींना तीच चकाकी. नाव एकच पडलं. शब्द अरबांमार्फत युरोपात आधीच पोचला होता, हे कबूल. तरी चिकाला ते नाव चिकटलं ते गोव्याच्या धक्क्यावर, यावर मी अडून आहे.

या चिकाचे सख्खे मात्र आपल्या ओळखीचे. उरुशी, आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा उततो, अंगावर फोड येतात, त्याला कारणीभूत असलेलं तेल उरुशीतल्या दाहक द्रव्याचं जवळचं भावंड. त्यामुळे जपानी कारागिरांनाही नव्याने हात घातला की तसंच उततं. वागण्यात मात्र लाख आणि उरुशी अगदी उलट. चपड्याचं स्पिरिट उडालं की थर वाळतो, पण हवा दमट असेल तर पांढुरका पडतो, म्हणून पॉलिशवाले पावसाळ्यात हात आखडतात. उरुशीला दमटपणाच लागतो. कारागीर भांडी मुद्दाम ओलसर कपाटात ठेवतात.

ओलाव्यात ती का घट्ट होते, याचा छडा 1883 मध्ये हिकोरोकुरो योशिदा यांनी लावला: चिकातलंच एक विकर हवेतला ऑक्सिजन घेऊन तो कडक करतं. पुढे फ्रान्सच्या गाब्रिएल बेर्त्राँने त्याचं बारसं केलं आणि नाव ठेवलं लॅकेज. म्हणजे पळसावरच्या किड्याचं नाव जपानी झाडाच्या विकराला. तेच विकर पुढे अळंब्यांत सापडलं, आणि आता जीन्सचा निळा रंग फिका करायला कारखान्यांत वापरतात.