तबकडी आणि प्रक्षेपण

बंगळूरात दूरदर्शन केंद्र आले १९८१ साली, आणि दूरदर्शनवर रंग आले त्याच्या पुढच्या वर्षी. तथापि परप्रांती राहणाऱ्या मराठी कुटुंबाला आपल्या भाषेतील नाटक-सिनेमा पाहण्याचा भरवशाचा मार्ग पुष्कळ वर्षे एकच होता : आधी फीत, मागाहून तबकडी. १९९३ साली प्रमाणित झालेल्या व्हीसीडीत जेमतेम ७४ मिनिटे मावत. तीन अंकी नाटकाला दोन, क्वचित तीन तबकड्या लागत आणि ऐन रंगलेल्या प्रवेशात कोणीतरी उठून ती बदलावी लागे. चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे. मागे उभा असलेला नट ओळखावा तो आवाजावरूनच. तरीही पुण्यामुंबईच्या पाहुण्यांकडून आम्ही त्या अगत्याने मागवीत असू.

पुढे डीव्हीडी आली आणि २००६ साली ब्लू-रे. इकडे २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल क्रीडांच्या निमित्ताने दूरदर्शनने एचडी प्रक्षेपण सुरू केले. २०१६ पासून मराठी वाहिन्याही त्या रूपात दिसू लागल्या. कागदावर दोहोंचे माप एकच, १९२० गुणिले १०८०. मग तबकडीसाठी निराळे पैसे का मोजावे, असे कोणीही विचारील.

उत्तर मापात नाही, दाबण्यात आहे. उपग्रहाची एकच वाट अनेक वाहिन्यांनी वाटून घेतलेली असते; म्हणून प्रत्येकीचे चित्र पिळून धाडावे लागते. शिवाय आपल्याकडील एचडी वाहिन्या एकाआड एक ओळी पाठवितात, आधी विषम, मग सम. ब्लू-रेवर मात्र एकाच चित्रपटासाठी २५ किंवा ५० गिगाबाइट जागा राखलेली. बैठकीच्या गाण्यात हा भेद जाणवत नाही. लावणीची गिरकी आली, की प्रक्षेपणात नऊवारीचा काठ चौकोनांत विरघळतो. तबकडीवर तो काठच राहतो. गायनाच्या रसिकांसाठी आणखी एक गोष्ट : सेकंदाला २४ चित्रांचा सिनेमा २५ च्या गतीने दाखविला, तर दीडशे मिनिटांचा खेळ १४४ मिनिटांत आटोपतो आणि सूर दुरुस्त केला नाही तर तो पाश्चात्त्य अर्धस्वराच्या सुमारे सात-दशांश इतका चढतो. पेटी घेऊन बसणाऱ्याला तो खुपतोच.

परंतु मूळ चित्रणापुढे दोघांचेही चालत नाही. प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ फिल्मवर घेतलेला. फिल्मच्या अंगी डीव्हीडीत न मावणारा तपशील असतो, तो नव्याने काढता येतो. उलट दूरदर्शनच्या जुन्या फितींवरील नाटकांत दिसणाऱ्या ओळीच ५७६. ती एचडी वाहिनीवर लावली तरी ताणलेलीच दिसणार.

आम्ही स्वतः तबकडीच्या बाजूचे, आणि कारण केवळ स्पष्टतेचे नव्हे. २०१९ पासून ग्राहकाला वाहिन्या निवडून घेता येतात हे खरे. पण वाहिनीवरचे नाटक तिच्या वेळेला लागते, आणि कन्नड शाळेतून आलेले मूल त्या वेळी अभ्यासात असते. तबकडी रविवारी लावता येते, एकच संवाद चारदा ऐकविता येतो, आणि बदलीचा हुकूम आला की ट्रंकेत बसते. ती फिरविणारे यंत्र मात्र बिघडले, तर सादर पत्रप्पा रस्त्यावर दोन-तीन फेऱ्या ठरलेल्या.