दिनविशेष : ७ ऑक्टोबर १९२७
नव्ह शापेल येथील भारतीय स्मारक

उत्तर फ्रान्समधील नव्ह शापेल गावी भारतीय सैनिकांच्या स्मारकाचे अनावरण ७ ऑक्टोबर १९२७ रोजी तत्कालीन भारतमंत्री लॉर्ड बर्कनहेड यांच्या हस्ते झाले. फ्रान्सचे मार्शल फॉश उपस्थित होते. आराखडा हर्बर्ट बेकर यांचा.

पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर पडलेल्या आणि ज्यांची समाधी कुठेच नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे येथील गोलाकार भिंतीवर कोरली आहेत. कमळशीर्षाचा सुमारे १५ मीटर उंच स्तंभ, त्याच्या दोन्ही बाजूंना दगडी वाघ. व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी, गढवालचे गब्बर सिंह नेगी यांचे नावही साध्या शिपायांच्याच रांगेत आहे, आणि ते तसेच शोभते.

महाराष्ट्राने हे ठिकाण परके मानू नये. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी याच गावात खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या ४७ व्या शीख पलटणीच्या बरोबरीने घराघरांतून लढल्या. सुरुंग-खंदकांचे काम जाणणारी ही माणसे त्या दिवशी पायदळासारखी चालून गेली आणि मोठ्या संख्येने कामी आली.

घरातले कोणी त्या लढाईत फ्रान्सला गेल्याचे ऐकले असेल, तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर त्यांचे नाव जरूर शोधा.