नोंदी दोन, व्यक्ती एक : एका शास्त्राचा इतिहास

कुलवृत्तांताच्या संपादनाचे काम ज्यांनी केले आहे, त्यांस एक अडचण चांगली परिचित आहे. कन्येचे नाव माहेरच्या वंशावळीत एक असते, सासरच्या वंशावळीत दुसरे. दत्तक गेलेला मुलगा जनक घराण्यात एका नावाने आढळतो, तर दत्तक घराण्यात निराळ्याच नावाने. येथे नोंदी दोन, पण व्यक्ती एक. उलटपक्षी, आजोबांचे नाव नातवास ठेवण्याच्या चालीमुळे नाव एक आणि व्यक्ती दोन, असाही प्रकार घडतो. ही अडचण केवळ आपल्या ज्ञातिसंस्थांपुरती नाही. गेल्या शंभर वर्षांत तिच्यातून एक शास्त्रच उभे राहिले असून संगणकावरील ज्ञानभांडारे आज त्याच शास्त्राच्या आधारे नोंदींचे एकीकरण करतात. त्याचा अल्प इतिहास वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

१९१८ साली अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी आडनावे उच्चारानुसार लावण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळविले. तिच्यातूनच 'साउंडेक्स' ही पद्धत रूढ झाली. आडनावाचे पहिले अक्षर कायम ठेवावयाचे, स्वर गाळावयाचे आणि पुढील व्यंजनांस अंक देऊन तीन अंकी संकेत सिद्ध करावयाचा, अशी तिची रीत. परंतु आपली आडनावे रोमन लिपीत लिहून या पद्धतीच्या स्वाधीन केली, तर केळकर आणि कुलकर्णी या दोहोंचा संकेत 'के ४२६' असा एकच येतो. आणि वाघ हे एकच आडनाव 'व्ही'ने लिहिल्यास एक, 'डब्ल्यू'ने लिहिल्यास दुसरे ठरते. केवळ ध्वनीवर विसंबणे किती धोक्याचे, हे यावरून दिसून येईल.

१९४६ साली हॅल्बर्ट डन यांनी प्रत्येक माणसाचे जन्मापासून मृत्यूपर्यंतचे दाखले एका ग्रंथाच्या पानांप्रमाणे एकत्र बांधण्याची कल्पना मांडली. १९५९ साली कॅनडातील हॉवर्ड न्यूकोम व त्यांचे सहकारी यांनी हे काम गणकयंत्राकडून करवून दाखविले. सर्वत्र आढळणारे नाव जुळले तर त्यास थोडे वजन द्यावे, विरळ नाव जुळले तर अधिक, हे त्यांच्या विचारातील मर्म होय. १९६९ साली आयव्हन फेलेगी आणि ॲलन संटर यांनी त्यास गणिती सिद्धांताचे रूप दिले. त्यांनी निर्णयाचे तीन वर्ग केले : निश्चित एक, निश्चित भिन्न आणि संशयित. संशयित जोड्या माणसाने स्वतः तपासाव्यात, असा त्यांचा दंडक आहे.

पुढे २०१२ साली 'विकिडेटा' हे मुक्त ज्ञानभांडार सुरू झाले. तेथे प्रत्येक विषयास एक क्रमांक असतो आणि विषयाविषयांतील संबंध धाग्यांप्रमाणे जोडलेले असतात. अशा जाळ्यास 'नॉलेज ग्राफ' म्हणतात. निरनिराळ्या भाषांतील लेखांवरून नोंदी होत गेल्याने एकाच विषयास दोन क्रमांक मिळणे ओघानेच आले. मग दोन्ही नोंदी शेजारी मांडून त्या एकत्र करणारी साधने निर्माण झाली. बहुधा जुना क्रमांक कायम राहतो. दुसरा क्रमांक नष्ट न होता वाचकास पहिल्याकडे नेतो. 'ओपनरिफाइन' हे साधन शब्द वर्णानुक्रमे लावून 'गडकरी, राम गणेश' आणि 'राम गणेश गडकरी' यांतील ऐक्य तत्काळ ओळखते. परंतु गोविंदाग्रज आणि बाळकराम हेही तेच, हे त्यास अक्षरांवरून कळणे शक्य नाही. तेथे माहीतगार मनुष्यच हवा.

एकीकरण न झाल्यास काय हानी होते, ते पाहा. १८६५ साली जन्मलेल्या यमुना जोशी विवाहानंतर आनंदीबाई झाल्या आणि १८८६ साली त्यांनी अमेरिकेत वैद्यकीय पदवी संपादन केली. या दोन नावांची गाठ पडली नाही, तर यमुना ही पुढे काहीच न घडलेली मुलगी ठरते आणि डॉ. आनंदीबाईंस बालपणच उरत नाही.

तथापि याहून मोठी हानी अविचारी एकीकरणाने होते. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि त्यांचे ज्येष्ठ बंधू, निरुक्ताचे व्यासंगी वैजनाथ काशिनाथ राजवाडे, या दोघांची आद्याक्षरे रोमन लिपीत एकच होतात. पिता एक, आडनाव एक, काळ एक, विद्वत्ताही तोलामोलाची. यंत्र त्यांस एक मानील यात नवल नाही; मात्र तसे झाल्यास एका बंधूचे आयुष्यभराचे श्रम दुसऱ्याच्या खाती जमा होतील. शिवाय एकीकरणानंतर स्वयंचलित कार्यक्रम दुसऱ्या क्रमांकाकडे येणारे धागे कायम राहिलेल्या क्रमांकाकडे वळवितात. मग कोणता धागा मूळचा कोणाचा, हे उलगडणे अतिशय कष्टाचे होते. याकरिताच 'याहून भिन्न' असा स्पष्ट शेरा नोंदविण्याची सोय विकिडेटाने ठेवली आहे.

सारांश, जोडणे सोपे, तोडणे दुर्घट. आपल्या कुटुंबांच्या याद्या संगणकावर उतरविताना हा इतिहास मार्गदर्शक ठरावा. प्रत्येक भगिनीचे माहेरचे व सासरचे अशी दोन्ही नावे एकाच नोंदीत असावीत, दत्तकाचे जनककुल गाळले जाऊ नये, जुने नाव पुसू नये आणि जेथे संशय असेल तेथे तो तसाच लिहून ठेवून घरातील वडीलधाऱ्यांस विचारावे. यंत्र नावे जुळवील. माणसांची ओळख मात्र आपणांसच पटवावी लागेल, आणि ती पटविणारी वडील मंडळी आपल्यात आहेत तोवरच हे कार्य उरकले पाहिजे.