डुकराच्या हाडांचं सूप आणि देवलीची छावणी

सध्या मुक्काम बेहाला, कोलकाता. मेट्रो आता माझेरहाटपर्यंत जाते, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी शहरात जाणं सोपं झालंय. मागच्या रविवारी एका नूडलवाल्याकडे रामेन खाल्लं. डुकराच्या हाडांचं, दुधासारखं पांढरं सूप. आपण पाया मंद आचेवर शिजवतो, इथे मात्र हाडं दहा-बारा तास मोठ्या आचेवर खळखळ उकळतात. मज्जा, चरबी आणि हाडांतला चिकट अंश पाण्यात एकजीव होतो. दोन घोट घेतले की ओठाला ओठ चिकटतो. आमच्या लंगरमध्ये असं काही मिळणार नाही, लिहून घ्या!

हा प्रकार सुरू झाला जपानच्या कुरुमे गावात, १९३७ साली, एका हातगाडीवर. सूपला पांढरा रंग युद्धानंतर आला, भांडं चुकून जास्त उकळलं म्हणून, असं सांगतात. गाडीचं नाव होतं 'नानकिन सेनर्यो'. नानकिन म्हणजे चीनमधलं नानजिंग. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जपानी फौज नानजिंगमध्ये शिरली आणि तिथे जे घडलं ते जगाला माहीत आहे. म्हणजे गावात त्या शहराच्या नावाची गाडी आणि सैन्य त्याच शहरात कत्तल करतंय.

आपण वेगळे आहोत असं मला वाटायचं. पण कोलकात्यात राहून १९६२ नव्याने वाचावं लागलं.

बेहाल्याहून बजबजच्या बाजूला गेलं की हुगळीकाठी अछिपूर लागतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस टोंग अछ्यू नावाच्या चिनी माणसाला वॉरन हेस्टिंग्जने तिथे जमीन दिली, त्याने साखरेचा कारखाना काढला. त्याची समाधी आजही आहे आणि चिनी नववर्षाला शहरातले चिनी तिथे दर्शनाला जातात. पुढे टिरेटा बाजार वसला, टांग्र्यात हक्का लोकांनी कातडी कमवायचे कारखाने घातले. टिरेटाला आजही भल्या पहाटे डुकराच्या मांसाचे बन आणि गरम सूप मिळतं.

२६ ऑक्टोबर १९६२ ला आणीबाणी जाहीर झाली. आम्ही शिकलो ते नामका चू, वालाँग, रेझांग ला. शिकायलाच हवं, तिथे आपली माणसं पडली. पण १९ नोव्हेंबरपासून आसाम, शिलाँग, दार्जिलिंग भागातल्या चिनी वंशाच्या लोकांना घरातून उचलायला सुरुवात झाली, हे कोणत्याच वर्गात सांगितलं गेलं नाही. दोनच दिवसांनी चीनने युद्धबंदी जाहीर केली, तरी धरपकड थांबली नाही. म्हातारी, पोरं, बाळंतिणी मिळून सुमारे तीन हजार माणसं रेल्वेने राजस्थानात देवलीच्या छावणीत नेली. कित्येकांचा जन्म इथलाच, चीन पाहिलेलाही नाही.

देवली मराठी वाचकांना अनोळखी नसावी. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी कॉम्रेड डांगे यांना तिथेच ठेवलं होतं. पुढे जपानी नागरिकही तिथेच कोंडले गेले. तारेचं कुंपण तेच, मालक बदलले.

देवलीतून शेवटची माणसं १९६७ मध्ये सुटली. अनेकांची घरं आणि दुकानं तोवर लिलावात गेली होती. नंतरच्या वर्षांत कोलकात्याचे हक्काही मोठ्या संख्येने कॅनडाला गेले. टोरांटोत त्यांची हॉटेलं आहेत आणि तिथे गिऱ्हाईक अजून कोलकात्याची हिरव्या मिरचीची तिखट चिली चिकन मागतं.